फँटसी कादंबरीतला रणप्रसंग कसा लिहावा

फँटसी लिहू पाहणाऱ्यांना सर्रास दिला जाणारा सल्ला असा, की एक प्रकरण लढाईचे आणि एक संवादाचे असे आलटूनपालटून लिहावे, म्हणजे वाचक कंटाळत नाही. हा सल्ला मी इमानेइतबारे पाळला आणि माझ्या पहिल्या हस्तलिखितातील बावीस पानांची लढाई एका मैत्रिणीने सरळ ओलांडली. पुढच्या प्रकरणात तिला काहीही अडले नाही. कोण जिंकले एवढे तिथे कळत होते आणि तेवढे तिला पुरले. दोष तिचा नव्हता, कारण त्या बावीस पानांत माणसे मरत होती, पण माणसामाणसांमध्ये काही घडत नव्हते.

कथानक, पात्रे आणि नकाशा तयार आहेत असे मी धरून चालतो. जादू असेल तर तिची मर्यादा वाचकाला आधीच्या प्रकरणांत दाखवून ठेवावी. ऐन वेळी आठवलेल्या मंत्राला वाचक माफी देत नाही.

जागा अरुंद निवडावी. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड दडवलेला आहे. तिथे हत्तीला धावत येऊन धडक द्यायला मोकळी जागा मिळत नाही आणि दाराशी आलेला शत्रू बुरुजांवरच्या माऱ्यात सापडतो. अशा ठिकाणी मागे कितीही फौज उभी असली तरी समोरासमोर मोजकीच माणसे येतात, आणि लेखकाला सांभाळता येतात तीही तेवढीच. शस्त्राची माहितीही बेताचीच घ्यावी, पण ती पात्रांच्या नात्याला भिडणारी असावी. दांडपट्टा चालवणाऱ्याचा हात मनगटाच्या वर, कोपराच्या दिशेने खोबळ्यात, म्हणजे पात्याला जोडलेल्या पोकळ मुठीत, अडकलेला असतो, त्यामुळे मनगट वळत नाही. शेजारी पडलेल्या भावाला त्या हाताने उचलताही येत नाही. माझ्या दृष्टीने पट्ट्याबद्दल वाचकाला सांगण्यासारखी गोष्ट ही आहे, त्याची लांबी नव्हे.

खरी अडचण यापुढे आहे, आणि तिच्यापायी माझी दोन हस्तलिखिते वाया गेली. लढाईत माणसे हवीत हे पटल्यावर मी लढणाऱ्यांच्या तोंडी भाषणे घातली. एक जण वार अडवता अडवता वडिलांच्या मृत्यूविषयी दहा ओळी बोलत असे आणि समोरचा शत्रू जणू ते ऐकण्यासाठीच थांबत असे. जीव तोडून लढणाऱ्याला श्वास पुरत नाही. त्याच्या तोंडी चार शब्दांपेक्षा जास्त शोभत नाहीत. लांब बोलणे हवेच असेल तर निदान एकाचे हात शस्त्रापासून मोकळे ठेवावेत. महाभारताच्या कर्णपर्वात शल्य कर्णाचा सारथी होतो आणि त्याच रथावरून त्याचा तेजोभंग करीत राहतो. एक घोडे हाकणारा, दुसरा धनुष्य घेतलेला, त्यामुळे ते कडाक्याचे भांडण तिथे खपून जाते. भीष्मपर्वात तर युद्धाला तोंड फुटण्याआधी युधिष्ठिर कवच आणि शस्त्रे उतरवून पायी भीष्मांकडे जातो आणि लढण्याची अनुज्ञा मागतो. दोन्ही प्रसंग रणांगणावरचेच आहेत, त्यांना संवादाचे वेगळे प्रकरण लागलेले नाही.

यावरून मी जी रीत बसवली ती अशी. रणप्रसंगाच्या आधी दोन पात्रांमधले एक भांडण अर्धवट तोडावे, लढाईत ते शब्दांऐवजी कृतीने पुढे न्यावे, आणि ज्या क्षणी ते नाते बदलेल त्या क्षणी लढाईचे वर्णन थांबवावे, मग शत्रूचे अर्धे सैन्य उभे का असेना. उरलेल्या लढाईला दोन वाक्ये पुरतात.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती यासाठी एक फार धारदार साधन आहे, आणि बहुतेक जण ते म्यानातच ठेवतात, याचे मला नवल वाटते. ते साधन म्हणजे ‘आपण’, ‘तुम्ही’ आणि ‘तू’. समजा, एक वृद्ध सेनापती तरुण राणीशी नेहमी ‘आपण’ म्हणून बोलतो आणि आदल्या रात्री तिने त्याचा सल्ला झिडकारला आहे. माझ्या जुन्या पद्धतीने मी लिहिले असते: ‘विजेच्या वेगाने भाला आला. सेनापतीने राणीला सावध केले आणि ती थोडक्यात बचावली.’ आता मी असे लिहीन:

‘“खाली वाक!” तो ओरडला. ती वाकली. भाला तिच्या मागच्या तुळईत रुतला.’

इथे आदरार्थी ‘वाका’सुद्धा चालणार नाही. तो एकेरी शब्द मुलीला हाक मारणाऱ्या बापाचा आहे, आणि तो का निसटला हे निवेदकाने अजिबात समजावून सांगू नये. मोह अनावर होतो; मी स्वतः तिथे ‘प्रथमच तो तिला एकेरी बोलला होता’ असे वाक्य घातले होते आणि ते खोडायला मला आठवडा लागला. वाचक मराठी आहे, त्याला ऐकू येते.

खणखणाट, रक्ताचे पाट आणि रणधुमाळी हे शब्द दुसऱ्या खर्ड्यात काढून टाकावेत.

लढाईनंतरचा प्रसंग मात्र कधीही गाळू नये आणि तो विजयोत्सवाने सुरू करू नये. दारावरची प्रेते हलवली जात असताना सेनापती राणीजवळ येतो, मान खाली घालतो आणि विचारतो, “आपल्याला कुठे लागले तर नाही ना?” ती तुळईत रुतलेल्या भाल्याकडे पाहत राहते आणि उत्तर देत नाही. माझे प्रकरण मी तिथे संपवतो.