ड्युटीला निघण्यापूर्वी पेनांची तयारी

कोकणातल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नव्याने रुजू होणाऱ्या परिचारिकेने गणवेश, सेकंदकाट्याचे घड्याळ, कात्री, टॉर्च आणि ओळखपत्र यांची जमवाजमव करताना पेनांचा विचार वेगळा करावा. वॉर्डात पेन शाई संपून निकामी होण्याची वेळ क्वचितच येते. त्याआधीच ते दुसऱ्याच्या खिशात गेलेले असते. राउंडवरचे डॉक्टर सिस्टरकडून पेन घेऊन औषध बदलून लिहितात आणि तेच पेन खिशाला लावून पुढच्या खाटेकडे जातात. संमतीपत्रावर सही करायला आलेले नातेवाईक कागद परत करतात पण पेन विसरतात. 108 ची रुग्णवाहिका आली की तिच्यासोबतच्या माणसालाही कुठेतरी सही करायची असते. ‘सिस्टर, वायच पेन देतास काय?’ असे कुणी विचारले तर नाही म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये, कारण समोरच्याचा कागद अडला की शेवटी आपलाच रुग्ण अडतो. म्हणून पेन जपण्याच्या युक्त्या शोधण्यापेक्षा ते द्यावेच लागणार हे धरून तयारी केलेली बरी.

त्यासाठी नोंदीचे पेन आणि देण्याचे पेन असे दोन भाग घरूनच करावेत. नोंदीसाठी एकाच रंगाची आणि एकाच जातीची दोन निळी किंवा काळी बॉलपेने घ्यावीत (रंग कोणता चालतो ते इनचार्ज सिस्टरना पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे), आणि ती गणवेशाच्या आतल्या खिशात ठेवावीत, वरच्या खिशात नव्हे. वरच्या खिशातले पेन दिसते आणि जे दिसते ते मागितले जाते. देण्यासाठी स्वस्तातले, शक्यतो भडक रंगाच्या दांडीचे आणि टोपण नसलेले खटक्याचे पेन ठेवावे. टोपणाचे पेन देताना टोपण आपल्याकडेच ठेवून घेण्याची जुनी युक्ती काही ज्येष्ठ सिस्टर अजून वापरतात आणि ती बऱ्यापैकी चालते. मात्र बालरुग्णांच्या वॉर्डात सुटी टोपणे खिशातून पडू देऊ नयेत, लहान मूल ती तोंडात घालते. नर्सिंग स्टेशनच्या टेबलाला एक पेन बँडेजच्या पट्टीने बांधून ठेवता आले तर निम्मी मागणी तिथेच भागते. पट्टी मात्र रजिस्टरच्या दोन्ही पानांवर पोहोचेल एवढी लांब ठेवावी, नाहीतर कुणीतरी ती कापतेच.

पेनावर नाव घालायचे असेल तर मार्करने थेट दांडीवर लिहून उपयोग नाही, कारण स्पिरिटचा बोळा फिरला की ती शाई निघून जाते. कागदाच्या बारीक पट्टीवर नाव लिहून ती गुंडाळावी आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे पेन पुसताही येते आणि नावही राहते. पेन पुसणे हा तयारीचाच भाग धरावा. हातमोजे घालून पेन धरू नये, ते तोंडात धरू नये, अंबाड्यातही खोचू नये.

आता शाईविषयी थोडे सविस्तर, कारण आपल्या किनाऱ्यावर खरी अडचण तिथेच येते. जून ते सप्टेंबर या काळात वॉर्डातला कागद सर्द होतो, केसपेपरच्या कडा मऊ पडतात आणि त्यावर जेल पेनची पाण्यात मिसळलेली शाई पसरते. खिडकीतून झड आली आणि थेंब पडला तर आकडाही ओळखू येत नाही. बॉलपेनची शाई तेलात कालवलेली असते, ती पाण्याने सहसा पसरत नाही, पण सर्द कागदावर टोक घसरते आणि अक्षर तुटक उमटते; अशा वेळी कागदाखाली कडक पॅड घेतल्यास बराच फरक पडतो. उलट सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलपुढे बॉलपेनची शाई टिकत नाही, म्हणून हात चोळल्यावर ते पूर्ण कोरडे झाल्याखेरीज चार्टला हात लावू नये. गणवेशावर पडलेला बॉलपेनचा डाग याच कारणाने स्पिरिटने बराच निघतो. जेलचा बहुधा राहतो. दोन्हींचा हिशेब केला तर पावसाळ्यात बॉलपेनच बरे, हे माझे ठाम मत आहे. शिवाय सिंधुदुर्गातून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा थेट गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवायच्या रुग्णाची चिठ्ठी कार्बन ठेवून लिहायची असेल, तर जेल पेनचा दाब खालच्या प्रतीपर्यंत पोहोचत नाही. ती चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यावी. घासून पुसता येणारी शाई रुग्णाच्या कोणत्याही कागदावर वापरू नये. ती उष्णतेनेही उडते. चूक झाल्यास व्हाइटनर न लावता एकच आडवी रेघ मारावी, खालचे वाचता येईल असे ठेवावे आणि शेजारी सही व वेळ घालावी.

लाल पेन एक पुरते. काही रुग्णालयांत रात्रीच्या नोंदी लाल शाईने करण्याची पद्धत आहे, तिथे दोन ठेवावीत. ॲलर्जीची नोंद मात्र सगळीकडे ठळक दिसायलाच हवी.

मार्कर हे चैनीचे साहित्य समजू नये. फुरसे किंवा घोणस चावलेला रुग्ण आला की सुजेची वरची कड हातापायावर पेनाने आखून तिच्याशेजारी वेळ लिहायची असते, म्हणजे सूज किती वेळात किती चढली ते कळते. अशा रुग्णाचे रक्त 20 मिनिटांत गोठते का ते पाहण्याची चाचणी करताना कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेतल्याची वेळ लिहिली नाही तर ती 20 मिनिटे कधी झाली हेच सांगता येत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत असे रुग्ण अवेळी येतात आणि त्या क्षणी पेन शोधत बसायला सवड नसते. उघडलेल्या इन्सुलिनच्या बाटलीवर तारीख घालायलाही मार्कर लागतो, कारण बहुतेक प्रकारचे इन्सुलिन उघडल्यापासून 28 दिवसांतच वापरायचे असते. सलाईनच्या मऊ बाटलीवर मात्र थेट मार्करने न लिहिता चिकटपट्टीवर वेळ व थेंब लिहून ती पट्टी लावावी. मार्कर कुणालाही उसना देऊ नये, अगदी मेट्रनबाईंनाही नम्रपणे टेबलावरचे पेन पुढे करावे.

नाईट ड्युटीला वीज जाते हे धरूनच चालावे. टॉर्च एका हातात असताना टोपण काढता येत नाही, म्हणून रात्री खटक्याचेच पेन खिशात असावे, आणि एक छोटी वही असावी, जिच्यात नाडी, रक्तदाब, लघवीचे प्रमाण वेळेसह टिपून दिवे आल्यावर लगेच चार्टवर उतरवता येईल. हातावर लिहू नये. पुढच्या हात धुण्यात ते जाते.

ड्युटी संपताना ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला रुग्णांची माहिती, देऊन झाल्यावर सगळे खिसे टेबलावर रिकामे करावेत, कारण आपण ज्यांच्या नावाने कुरकुर करतो त्यांची दोनतीन पेने बहुधा आपल्याच खिशात निघतात. ती ट्रेमध्ये ठेवावीत, मार्कर लॉकरमध्ये ठेवून कुलूप लावावे आणि गणवेश धुवायला टाकण्यापूर्वी खिसा पुन्हा चाचपावा. पेनांचा महिन्याचा साठा चतुर्थीपूर्वीच घेऊन ठेवावा. त्या दिवसांत बाजारपेठेतली स्टेशनरीची दुकाने एकदोन दिवस उघडत नाहीत, निम्मा स्टाफ रजेवर असतो आणि मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांमुळे ओपीडीची रांग मात्र दुप्पट झालेली असते.