आयकिडो स्वसंरक्षणासाठी शिकताय? या चुका टाळा

आयकिडो ही जपानी युद्धकला रस्त्यावर चालत नाही, असं म्हणणारे पुण्यात पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण दोष बहुतेक वेळा सरावाच्या पद्धतीत असतो आणि तो सुधारता येतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जोडीदाराने आपणहून पडणं. हल्ला करणारा ‘उके’ मनगट धरतो, आपण वळतो आणि तोल जायच्या आधीच तो सुंदर कोलांटी घेतो. दोघांनाही वाटतं, जमलं. सुरुवातीला असं सहकार्य लागतंच, कारण शिहोनागे या फेकीत खांद्याला आणि कोतेगाएशी या मनगट वळवून पाडायच्या तंत्रात मनगटाला खरोखर इजा होऊ शकते. पुढे मात्र ते कमी व्हायला हवं. बहुतेक शाखांमध्ये स्पर्धा नसते, त्यामुळे आपलं तंत्र पोकळ आहे हे कळायला मार्गच उरत नाही. ज्युदो शिकून पुढे आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबांकडे आलेल्या केंजी तोमिकींनी विरोध करणाऱ्या जोडीदाराबरोबरचा सराव आणि स्पर्धा आणली. त्यांची वाट अनेकांना पटली नाही. मला ती पटते.

तुमच्या वर्गात असा सराव नसेल, तर सरांना विचारून तासाच्या शेवटी दहा मिनिटं मागून घ्या. जोडीदाराला सांगा: तोल गेल्याशिवाय पडू नकोस, हात मागे ओढ, मोकळ्या हाताने मला ढकल. वेग कमी, विरोध खरा. तंत्र अडलं की जोर लावू नका, पाय बघा. कोतेगाएशी अडते तेव्हा तुम्ही बहुधा त्याच्या अगदी समोर उभे असता. बाजूला सरका, त्याला एक पाऊल टाकायला लावा, मग मनगट वळवा. निक्यो, म्हणजे मनगटाचा लॉक, लागत नसेल, तर त्याचा हात तुमच्या छातीपासून लांब गेलाय का आणि कोपर सरळ झालंय का, ते तपासा. तरीही अडलं, तर आतेमी, म्हणजे तंत्राआधीचा फटका, राहून गेली असेल. चेहऱ्याच्या दिशेने गेलेला फटका लागला नाही तरी समोरच्याचं लक्ष मनगटावरून उडवतो. अनेक वर्गांत ती नुसती हात हलवण्यापुरती उरली आहे.

दुसरी चूक, फक्त मनगट धरण्यावर मेहनत घेणं. तलवारीच्या काळात शस्त्र उपसणारा हात धरणं महत्त्वाचं होतं. लक्ष्मी रोडवर गाडी घासली म्हणून भांडायला आलेला माणूस कॉलर धरतो, छातीवर ढकलतो, थोबाडीत मारतो. सराव त्याचा करा. आणि झटकन मारून मागे जाणारा ठोसा हवेत पकडायला जाऊ नका. वर्गात उकेचा हात पुढेच थांबलेला असतो, बाहेर तो थांबत नाही. अंतर वाढवा, नाहीतर इरिमीने, म्हणजे पुढे आत घुसण्याच्या हालचालीने, थेट त्याच्या बगलेला शिरा.

टेकडीवर कुणी कोयता दाखवून मोबाइल मागितला, तर देऊन टाका, निघा आणि ११२ ला फोन करा. लाकडी तांतोवरचा, म्हणजे सरावाच्या सुऱ्यावरचा, सराव एका सरळ वाराचा असतो. कोयता पुन्हा पुन्हा फिरतो.

उकेमीला, म्हणजे पडण्याच्या सरावाला, फक्त वॉर्म-अप समजणं हीसुद्धा चूकच. हल्ला क्वचित होतो, पण पावसाळ्यात गाडी घसरणं, जिन्यावरून पाय निसटणं कुणालाही चुकलेलं नाही. हनुवटी छातीशी आणि हात सरळ न टेकता पडणं, एवढं अंगात मुरलं तरी डोकं आणि मनगट वाचायची शक्यता वाढते. मात्र ततामीवरची, म्हणजे वर्गातल्या मॅटवरची, सवय तशीच रस्त्यावर नेऊ नका. डांबरावर जोरात हात आपटला तर हातच दुखावतो आणि पाठीवर सॅक असेल तर मागची कोलांटी होत नाही. थोडं जाड सतरंजीवर, मग गवतावर, हळूहळू करून बघा.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाच्या हक्काची आहेत, पण बचावाला लागते त्यापेक्षा जास्त इजा करायची मुभा त्यांत नाही. माणूस खाली पडून हल्ला थांबला असेल, तर हात सोडा आणि त्याच्या टप्प्याबाहेर व्हा.