पार्कची सहल मे महिन्यात, चटका जूनमध्ये: या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की खान्देशातल्या घरांत लेकीबाळी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, आमरसाची पातेली भरतात. अलीकडे याच दिवसांत आणखी एक विषय निघतो: "मामा, यंदा वॉटर पार्कला नेणार ना?" भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकलेला, भाचरं गळ्यात पडलेली, मामाच्या तोंडून 'नाही' निघत नाही. कुणीतरी मोबाइलवर तिकिटाचा दर बघतं, माणसांनी गुणतं आणि "एवढंच ना, जमेल" म्हणून बेत पक्का होतो.

घोळ तिथूनच सुरू होतो. गेटवरचं तिकीट म्हणजे सहलीच्या खर्चाचा जेमतेम चौथा हिस्सा. बाकीचे पैसे तिकिटाच्या आगेमागे जातात, आणि ते जातात नेमके जूनच्या तोंडावर. पुढच्या बहुतेक चुका या दोन गोष्टींतून निघतात.

तिकीट गुणिले माणसं, बस

चार माणसांचं कुटुंब, जळगावहून खोपोलीच्या इमॅजिकासारख्या पार्कला दोन मुक्कामांची सहल, असं धरू. आकडे नमुन्याचे आहेत, स्वतःचे घालून बघा. तिकिटं करासकट 1,500 प्रमाणे 6,000. रेल्वेचं जाणं-येणं 5,000. हॉटेल दोन रात्री 5,000. स्टेशन-हॉटेल-पार्क रिक्षा-टॅक्सी 2,500. पार्कातलं खाणं 2,000, बाहेरचं खाणं 2,500. लॉकर आणि कॉश्च्युमचं भाडं 1,000. फोटो, टोप्या, खेळणी 1,500. बेरीज 25,500. घरात चर्चा झाली ती 6,000 ची.

"कितला पैसा लागनात?" असं परत आल्यावर शेजारी विचारतात तेव्हाही माणूस तिकिटाचाच आकडा सांगतो. त्यामुळे पुढच्या वर्षी शेजारीही तोच आकडा धरून निघतो.

उपाय साधा आहे. बेत ठरायच्या आधी कागदावर वरच्यासारख्या आठ ओळी लिहा आणि बेरजेवर दहा टक्के जास्त धरा. तिकीट काढताना पडद्यावरचा दर करासह आहे की कराशिवाय, ते पाहा. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा पार्कच्या प्रवेशावर 28 टक्के कर होता, जानेवारी 2018 मध्ये तो 18 वर आला. म्हणजे 1,500 च्या कराशिवायच्या तिकिटाचे हातात येईपर्यंत 1,770 होतात. तिकिटाच्या साइटने वरून सुविधा शुल्क लावलं तर ते आणखी वेगळं.

मुलाचं वय सांगून तिकीट काढणं

बऱ्याच पार्कांत लहान मुलाचं तिकीट उंचीवर ठरतं. सहावीतला पोरगा उंच निघाला की त्याला मोठ्याचं तिकीट लागतं, आणि गेटवर आधार कार्ड दाखवून हुज्जत घालण्यात काही हशील नसतं, कारण तिथे भिंतीवर पट्टी रंगवलेली असते. उलटा फटकाही बसतो: तिकीट पूर्ण भरलं, पण मोठ्या रोलर कोस्टरच्या अटीला पोरगं चार बोटं कमी पडलं. मग ते दिवसभर तोंड पाडून बसतं आणि त्याची समजूत काढायला आइस्क्रीमचा खर्च वाढतो.

घरीच दाराच्या चौकटीला उभं करून सेंटीमीटरमध्ये उंची मोजा आणि पार्कच्या साइटवर राइडनिहाय अटी वाचा. आजी-आजोबा राइडमध्ये बसणारच नसतील, तर त्यांचं वेगळं स्वस्त तिकीट मिळतं का हे फोन करून विचारा. नसेल मिळत, तर त्यांना आग्रह करू नका. मे महिन्यात दिवसभर बाकड्यावर बसून पिशव्या सांभाळण्यासाठी पूर्ण तिकीट भरणं मला तरी पटत नाही.

दशम्यांचा डबा आणि सुती कपडे

आपण सवयीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शेव बांधून घेतो. बहुतेक पार्कांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. लहान बाळाचा आहार आणि औषधं तेवढी चालतात. डबा गेटवर अडकतो, उन्हात गाडीत ठेवला तर आंबतो. तरी डबा न्याच. फक्त जेवणाची वेळ बदला: गेट उघडायच्या आधी पार्किंगमध्ये भरपेट खाऊन आत जा आणि संध्याकाळच्या परतीसाठी वेगळी पुडी ठेवा. दशमी टिकते, तिचा उपयोग प्रवासात करा. आत गेल्यावर एकच जेवण विकत घ्यायचं हे आधी ठरलेलं असलं की पोरांचा हट्टही आवाक्यात राहतो. एकदा बाहेर पडल्यावर परत आत सोडतात का, हे तिकिटाच्या अटींत वाचून घ्या.

कपड्यांचंही तसंच. वॉटर पार्कच्या पाण्यात सुती कपडे, साडी, जीन्स चालत नाहीत. नायलॉन किंवा लायक्राचे लागतात. ते तिथे भाड्याने घ्यायचे म्हणजे भाडं अधिक डिपॉझिट. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर आधीच विकत घेतले तर पुढच्या उन्हाळ्यातही कामी येतात. डिपॉझिटची पावती एकाच माणसाच्या खिशात ठेवा. संध्याकाळी दमलेल्या घोळक्यात ती हरवते आणि पैसे तिथेच राहतात.

"सात जणांत गाडी स्वस्तच पडते"

कधी पडते, कधी नाही. धुळ्याहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास, जळगावहून त्याहून बरीच जास्त. डिझेल, टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याचं रात्रीचं जेवण-झोपणं धरून मगच भागाकार करा. फास्टॅगचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 पासून 3,000 रुपयांत सुरू झाला, त्यावर बरेच जण विसंबतात; पण तो राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि समृद्धी महामार्ग राज्याचे. तिथे पास असूनही टोल वेगळा कापला जातो.

एसटीकडे आपण उगाच नाक मुरडतो. जानेवारी 2025 मध्ये तिचं भाडं सुमारे 15 टक्क्यांनी वाढलं हे खरं, पण मार्च 2023 पासून राज्यात महिलांना अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धं आणि 75 च्या पुढे मोफत. आई, मावशी, दोन बहिणी आणि आजोबा असा गोतावळा असेल तर एसटीचा हिशेब गाडीच्या निम्म्यातही बसू शकतो.

रेल्वेत चूक वेगळीच होते. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 1 नोव्हेंबर 2024 च्या आधी ते 120 दिवस होतं. जुन्या सवयीचे लोक इथेच गोंधळतात. मेच्या मध्यावर जायचं तर मार्चच्या मध्यावर तारीख ठरलेली हवी. तत्काळच्या भरवशावर राहिलात तर जास्तीचे पैसे द्यायची तयारी असूनही जागा मिळेलच असं नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला वेगळा बर्थ घेतला की पूर्ण भाडं पडतं, बर्थ नको असेल तर अर्धं. रात्रीचा प्रवास असेल तर बर्थ घ्याच, नाहीतर दुसऱ्या दिवशी पार्कात पोरगं झोपलेलं आणि बाप त्याला खांद्यावर घेऊन फिरतोय, असं चित्र दिसतं. खोपोलीला जाणाऱ्यांनी मुंबईपर्यंत जाऊन उलटं फिरू नये. कल्याणला उतरून कर्जत-खोपोली लोकल पकडली की दादरच्या गर्दीत सामान सांभाळायची वेळ येत नाही आणि टॅक्सीही फक्त शेवटच्या टप्प्याला लागते.

जवळचं सोडून लांबचं

चाळीसगाव, धुळे, पाचोरा या पट्ट्याला शिर्डी जवळ आहे. तिथे वेट एन जॉय वॉटर पार्क आहे, साई तीर्थ हे भक्तीवर आधारलेलं थीम पार्कही आहे. मनमाडला उतरून बसने जाता येतं. पहाटे निघून रात्री परत आलं तर हॉटेलची ओळच कागदावरून पुसली जाते, शिवाय आजीला साईबाबांचं दर्शन घडतं. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकरांना तापी मार्गावरून सुरत मुंबईपेक्षा सोयीचं. आठ वर्षांच्या पोराला पाणी, घसरगुंडी आणि भावंडं हवी असतात; पार्कचं नाव किती मोठं आहे याचं अप्रूप मोठ्यांनाच जास्त.

गर्दीच्या दिवशी जाऊन रांग टाळायचे पैसे भरणं

वॉल्ट डिस्नेचं पहिलं डिस्नेलँड 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात उघडलं, तेव्हा मोठ्यांचा प्रवेश एक डॉलर होता आणि प्रत्येक राइडचं कुपन वेगळं. 1982 मध्ये एकाच तिकिटात सगळ्या राइड असा प्रकार रूढ झाला. 1999 मध्ये रांग टाळायची फास्टपास सोय फुकट आली. 2021 मध्ये ती बंद करून तिच्या जागी विकतची सोय आणली. आज गर्दीच्या तारखेला तिथलं एका दिवसाचं तिकीट 200 डॉलरच्या पुढे जातं, रांगेचे पैसे वरून. राइडचे वेगळे पैसे घेण्याची पद्धत फिरून परत आली, फक्त आता पैसे राइडचे नसून वेळेचे आहेत.

हेच गणित आपल्याकडेही रुजतंय. पार्क तारखेनुसार दर बदलतात, रांग टाळायचं तिकीट वेगळं विकतात. रविवारी जाणारा महाग तिकीट घेतो, मग गर्दी बघून घाबरतो आणि रांगेचंही तिकीट घेतो. सोमवार ते गुरुवारमधला दिवस निवडला तर हे दोन्ही खर्च बहुधा टळतात. नोकरदार मामाची रजा एक दिवसाने वाढेल, तेवढी वाढू द्या. ज्यांना दिवाळीनंतर जमतं त्यांनी तेव्हाच जावं: भाऊबीज उलटून गेली की गर्दी ओसरते, शाळेची सुट्टी उरलेली असते, पहिल्या वेचणीचा कापूस विकलेला असतो किंवा नोकरदाराचा बोनस हातात असतो.

नव्या-जुन्याच्या पैशावर सहल

ही चूक सगळ्यात महागाची, आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. मार्चअखेर सोसायटीचं पीक कर्ज भरायचं, पुढच्या महिन्या-दोन महिन्यांत परत उचलायचं, हेच नवं-जुनं. ती रक्कम खात्यात पडते तेव्हा आखाजी आलेली असते, पाहुणे आलेले असतात. पासबुकावर लाख-दीड लाख दिसतात आणि त्यातले वीस-पंचवीस हजार "नंतर बघू" म्हणत निघून जातात.

नंतर म्हणजे जून. 2025 च्या हंगामात बीजी-2 या बीटी कापूस बियाण्याच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाचा दर 901 रुपये होता. एकरी दोन पाकिटं धरली तर दहा एकरांना 18,020 रुपये. वरच्या नमुन्यातली सहल याहून साडेसात हजारांनी महाग आहे. बियाण्यापाठोपाठ खत, ठिबकच्या नळ्यांची डागडुजी, मजुरी. शेती नसलेल्या घरातही जूनमध्ये शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, क्लासचा पहिला हप्ता एकदम येतात. मग कृषी केंद्रावर उधारी होते, आणि उधारीवर घेतलेल्या खताच्या दरात घासाघीस करता येत नाही. पीक कर्ज वेळेत फेडलं तर व्याजात मोठी सवलत मिळते. थकलं की ती जाते. सहलीचा खरा खर्च मोजताना हेही त्यात धरा.

त्याऐवजी जुलैपासून एप्रिलपर्यंत दहा महिने दरमहा 2,550 बाजूला टाकले तर 25,500 जमतात. बँकेचं कमी मुदतीचं आवर्ती खातं याला चांगलं. पोस्टाचं आवर्ती खातं पाच वर्षांचं असतं आणि तीन वर्षांआधी बंद करता येत नाही. ते सहलीसाठी उघडू नका. भिशी असेल तर आपला नंबर मार्च-एप्रिलला येईल असं पाहा. सप्टेंबरात उचललेली भिशी मेपर्यंत टिकल्याचं क्वचितच ऐकू येतं.

आणि हो, मामाने सगळ्यांचं भरायचं ही रीत आता मोडली तरी चालेल. प्रत्येक घराने आपापल्या पोरांची तिकिटं आणि प्रवास उचलावा, मामाने जेवण घालावं. हे बोलायला अवघड जातं म्हणून आधी, फोनवर, आखाजीच्या पंधरा दिवस अगोदर बोलून टाका.

फुकट हॉलिडे आणि अर्ध्या दरातली तिकिटं

प्रदर्शनात किंवा मॉलमध्ये चिठ्ठी भरून घेतात, चार दिवसांनी "तुम्हाला तीन रात्रींची सहल लागली, जोडीने या" असा फोन येतो. तिथे दोन-तीन तास बसवून हॉलिडे क्लबचं सभासदत्व गळ्यात मारतात. सभासदत्वाची रक्कम एकदा, देखभाल शुल्क दरवर्षी, आणि मेमध्ये मागाल तेव्हा खोली शिल्लक नाही. "आजच सही केली तरच हा दर" असं कानावर पडलं की पाणी पिऊन उठा.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अर्ध्या दराच्या तिकिटांचंही तेच. पैसे एखाद्या व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर मागितले तर थांबा. साइटचा पत्ता स्वतः टाइप करा. पैसे गेलेच, तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

सिंगापूर-दुबईच्या पार्कांचं पॅकेज घेणाऱ्यांसाठी एकच: एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतो, तो पॅन नंबरवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता किंवा परत मिळतो. पण रोकड आज जाते, म्हणून तीही बेरजेत धरा आणि पावती जपून ठेवा.

खर्च होऊनच गेला असेल तर

क्रेडिट कार्डावर सहल झाली असेल तर बिलावरची 'किमान रक्कम' भरून गप्प बसू नका. उरलेल्या रकमेवर महिन्याला साधारण 3 ते 4 टक्के व्याज चढतं, आणि बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. पूर्ण भरणं शक्य नसेल तर बँकेला फोन करून ती रक्कम सहा किंवा नऊ हप्त्यांत बदलून घ्या. त्याचं व्याज सहसा कमी असतं. 'नो कॉस्ट' हप्ता म्हटलं तरी प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा जीएसटी लागतो का, ते त्याच फोनवर विचारा. हप्ते फिटेपर्यंत कार्ड कपाटात राहू द्या. पार्क किंवा हॉटेलने ठरल्यापेक्षा जास्त पैसे घेतले असतील, डिपॉझिट परत केलं नसेल, तर बिलाचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवा. मराठीतही बोलता येतं.