काकांचं सगळं तुम्ही केलंत, जवळचा वारस सापडत नाही: हक्क कसा मागायचा?

मूलबाळ नसलेल्या काकांचं आजारपण तुम्ही काढलंत. आता ते गेले. घर आणि बँकेतल्या ठेवी कुणाच्या? कडू वाटेल, पण हिंदू वारसा कायदा, १९५६ सेवा मोजत नाही, नातं मोजतो. औषधांच्या पावत्यांची फाइल कितीही जाड असली तरी न्यायालय आधी वंशावळ मागेल. (हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागू आहे.)

सुरुवात मृत्युपत्राच्या शोधाने करा. कपाट, लॉकर, ओळखीचे वकील, दुय्यम निबंधक कार्यालय, सगळीकडे पाहा. नोंदणी नाही म्हणून कागद फेकू नका. काकांची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतील तर साधा कागदही चालतो. बँकेत नॉमिनी म्हणून तुमचं नाव असेल तर पैसे तुमच्या हाती येतील, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वारस पुढे आले तर ते द्यावे लागतात.

मृत्युपत्र नसेल तर वंशावळ काढायला बसा. पुरुषाच्या मालमत्तेवर पहिला हक्क पत्नी, मुलं, आधी वारलेल्या मुलांची मुलं आणि आई यांचा. यांपैकी कोणी नसेल तर वडील, मग भाऊ-बहिणी. पुतणे-भाचे त्यांच्याही खाली. वरच्या पायरीवर एक जरी हयात असला तरी खालच्यांना काही मिळत नाही. आणि एकाच पायरीवरचे सगळे समान वाटेकरी: काकांकडे कधी न फिरकलेला तुमचा चुलतभाऊही तुमच्या बरोबरीचा.

काकांऐवजी आत्या किंवा मावशी वारली असेल तर गणित फिरतं. निपुत्रिक विधवेची स्वकमाई आधी सासरच्या वारसांकडे जाते, तिला आईवडिलांकडून वारशाने मिळालेलं तिच्या वडिलांच्या वारसांकडे.

आता काकांच्या बेपत्ता भावाचा प्रश्न. बहुतेक दावे इथेच अडकतात. ज्यांना एरवी त्याची खबर लागली असती त्यांना सात वर्षं काहीच कळलं नसेल, तर कायदा त्याला मृत मानू शकतो. पण तो कधी वारला, हे गृहीत धरत नाही. काकांच्या मृत्यूच्या दिवशी तो जिवंत असेल तर वारसा त्याचाच, आणि पुढे त्याच्या वारसांचा. तेव्हा तो आधीच वारला होता हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. म्हणून पोलिसांतली हरवल्याची तक्रार, परत आलेली पत्रं, जुन्या शेजाऱ्यांची शपथपत्रं जमवा. त्याचं नाव अर्जातून गाळायचा मोह मात्र टाळा. माहिती दडवून मिळवलेलं प्रमाणपत्र पुढे रद्द होतं.

मग अर्ज. ठेवी, शेअर्स अशांसाठी भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खाली उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. काका राहत होते तिथल्या दिवाणी न्यायालयात अर्ज करा. घर-जमिनीसाठी ते चालत नाही. महाराष्ट्रात त्यासाठी १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला घेतात. अर्जात सगळ्या नातेवाइकांची नावं-पत्ते द्या. न्यायालय त्यांना नोटीस काढतं, जाहीर नोटीसही लागते. शेतजमीन असेल तर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. फक्त सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी पक्की झाली असं समजू नका. ती नोंद महसुलासाठी असते.

रक्ताचं नातंच नसेल, म्हणजे तुम्ही शेजारी किंवा मानलेला मुलगा असाल, तर मृत्युपत्राशिवाय दावा टिकणं अवघड. वारस कोणीच नसेल तर मालमत्ता सरकारजमा होते.

ती जाड फाइल मात्र ठेवा. न्यायालयाने मालमत्तेवर प्रशासक नेमला, तर अंत्यविधीचा वाजवी खर्च आणि शेवटच्या एका महिन्याचा औषधोपचार, राहणं-जेवण यांचा खर्च इतर सगळ्या देण्यांच्या आधी फेडला जातो.