जुन्या मॅकवरचे फाँट विंडोज आणि लिनक्सवर आणताना

जुन्या मॅकवरील फाँटची फाइल विंडोजच्या संगणकावर आणली की ती पुष्कळदा शून्य बाइटची दिसते. त्या काळी मॅक फाँटचा ऐवज फाइलच्या ‘रिसोर्स फोर्क’ नावाच्या वेगळ्या भागात ठेवत असे आणि तो भाग वाटेत गळतो. म्हणून अशी फाइल मॅकवरच मॅकबायनरी किंवा बिनहेक्स स्वरूपात बांधून घ्यावी व मग हलवावी. ‘डीफाँट’ प्रकारच्या फाइलीत ऐवज मुख्य भागातच असतो, त्यामुळे तिला ही अडचण नसते.

लिनक्सवर ‘फाँडू’ ही मोफत आज्ञावली मॅकबायनरी, बिनहेक्स आणि डीफाँट या तिन्ही प्रकारच्या फाइली उलगडते. आत ट्रूटाइप प्रकारचा फाँट असेल तर टीटीएफ फाइल मिळते आणि ती मॅक, विंडोज व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर चालते. पोस्टस्क्रिप्ट प्रकारचा असेल तर पीएफबी फाइल मिळते. ती फाँटफोर्ज या फाँट संपादकात उघडून ‘जनरेट फाँट्स’मधून ओटीएफ करून घ्यावी.

इंग्रजी फाँटचे काम इथे संपते, देवनागरीचे संपत नाही. मॅकवरील जुन्या देवनागरी फाँटमध्ये जोडाक्षरांचे नियम ‘मॉर्क्स’ किंवा त्याआधीच्या ‘मॉर्ट’ या ॲपलच्या तक्त्यात (म्हणजे फाँट फाइलमधील माहितीच्या एका भागात) असत, तर विंडोज ते ‘जीसब’ तक्त्यात शोधते. फाँटटूल्स या आज्ञावलीसंचातील ‘टीटीएक्स’ या आज्ञेला ‘एल’ (-l) हा पर्याय दिला की फाइलमधील तक्त्यांची यादी मिळते. त्या यादीत जीसब नसेल, तर फाइलचे रूपांतर बिनचूक होऊनही विंडोजवर जोडाक्षरे फुटलेली दिसतील. जीसब असेल, तर असा फाँट फाँटफोर्जमधून विनाकारण पुन्हा काढू नये, कारण त्यात हे नियम बिघडू शकतात.

लिनक्सवर फाइल होम फोल्डरातील ‘डॉट लोकल’मधल्या ‘शेअर’च्या आत ‘फाँट्स’ या फोल्डरात ठेवून फाँटची यादी ताजी करणारी ‘एफसी-कॅश’ ही आज्ञा चालवावी. विंडोजवर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल’ निवडावे. नंतर ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द टंकून पाहावेत: पहिल्यात रफार आणि दुसऱ्यात आडवा अर्धा र नीट उमटला, तर फाँट मराठीच्या कामाचा आहे असे बहुधा समजता येते. ‘श्री’, ‘ज्ञ’, ‘ट्र’ही तपासावेत.

शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व लिपींच्या सामाईक संकेतप्रणालीवर न बेतलेल्या) फाँटची फाइल कितीही बदलली, तरी त्यात टंकलेला मजकूर युनिकोड होत नाही. त्यासाठी मजकुराचेच रूपांतर करणारे वेगळे कन्व्हर्टर लागतात. परवानाही आधीच वाचावा. मॅकसोबत आलेले फाँट मॅकवरच वापरण्याची मुभा असते, त्यामुळे ते दुसरीकडे नेण्याचा खटाटोप करण्यापेक्षा ‘एक टाइप’ या फाँटकारांच्या गटाचा ‘मुक्त’ किंवा गूगलचा ‘नोटो सान्स देवनागरी’ घ्यावा, कारण हे दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत आणि त्यांची एकच टीटीएफ फाइल तिन्हीकडे जशीच्या तशी बसते.