कॉम्प्रेशन टेस्टचे आकडे वाचताना

कॉम्प्रेशन टेस्ट म्हणजे स्पार्क प्लगच्या जागी गेज लावून, स्टार्टरने इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. जुन्या पेट्रोल इंजिनात एकाच सिलिंडरचा आकडा पाहून निष्कर्ष काढू नका, सिलिंडरांमधला फरक पाहा. सगळे १३० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास असतील तर इंजिन झिजलेलं असलं तरी समान झिजलंय, ते चालेल. तीन १५० आणि एक ९५ असेल, तर त्या एकातच दोष आहे.

पण आधी आकडा खरा हवा. इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळे प्लग बाहेर, इग्निशन आणि इंधन बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी, अ‍ॅक्सिलरेटरने उघडणारी झडप) बंद राहिला की सगळेच आकडे कमी येतात आणि चांगलं इंजिन उगाच उघडलं जातं.

गेजचा काटा कसा चढतो तेही बघा. पहिल्या फेरीला कमी आणि मग हळूहळू वाढत गेला, तर संशय रिंगवर (पिस्टनभोवतीची, दाब अडवणारी कडी). खालीच अडकला, तर व्हॉल्व्हवर (सिलिंडरमध्ये हवा घेणारी आणि धूर सोडणारी झडप). खात्रीसाठी प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा: आकडा चांगला वाढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) झिजलाय, जेमतेम हलला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि त्यावरच्या हेडमधलं सील). ऑइल जास्त झालं तर जागा भरून आकडा फसवा वाढतो. डिझेल इंजिनात हा प्रयोग करूच नका.

शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी? बहुतेक त्यांच्यामधलं गॅस्केट गेलंय. व्हॉल्व्हवर संशय असेल तर हेड उतरवण्याआधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि तो दाबणाऱ्या भागातली बारीक फट) मोजा. तो घट्ट असला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि ते काम फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) व पान्यानेच भागतं.