जुनं डीव्ही रेकॉर्डिंग मोठं करताना

ठाण्याच्या गडकरी रंगायतनमधल्या प्रयोगाचं जुनं डीव्ही (डिजिटल टेपवरचं) रेकॉर्डिंग एआय मॉडेलने मोठं, म्हणजे जास्त पिक्सेलचं करायचंय? आधी इंटरलेस काढा, म्हणजे सम-विषम ओळींच्या अर्ध्या-अर्ध्या चित्रांपासून (फील्डपासून) पूर्ण फ्रेम बनवा. त्यासाठी एफएफएमपेग (ffmpeg) या व्हिडिओच्या प्रोग्राममधला बीडब्ल्यूडीआयएफ (bwdif) फिल्टर लावा, फील्डचा क्रम ‘खालचं आधी’ ठेवा. उलटा पडला तर हालचाल मागेपुढे थरथरते. ही पायरी गाळलीत तर मॉडेल कंगव्यासारख्या रेघाच ठळक करतं आणि त्या मग निघता निघत नाहीत. 720×576 च्या डीव्ही चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केली तरी पुरे. चौपट केलंत तर पिक्सेल दुप्पटच्या मानाने चार पट होतात. ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली तर टाइल (मॉडेल एका वेळी घेतं तो चित्राचा तुकडा) 256 पिक्सेलवर आणा, एफपी16 (कमी मेमरी घेणारे 16 बिटांचे आकडे) वापरा. फ्रेम डिस्कवर साठवण्यापेक्षा थेट कार्डाच्या एन्कोडरकडे (व्हिडिओ दाबून लहान करणाऱ्या भागाकडे) पाइप करा, म्हणजे सरळ पाठवा. पण आधी अंधाऱ्या प्रवेशाचं एक मिनिट चालवून चेहरे नीट बघा. गुळगुळीत, अनोळखी वाटले तर सौम्य मॉडेल घ्या.